गाडीला अक्षत

परवा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकट वाचली. परदेशातल्या कुठल्याशा मोटारींच्या कारखान्यानं विकून टाकलेल्या गाड्या गिऱ्हाइकांकडून परत बोलावल्या होत्या. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टमध्ये म्हणे काही खोट राहून गेली होती. 'गाडी घेऊन या, आम्ही फुकट दुरुस्त करून देतो,' असं कारखान्यानं जाहीर केलं होतं. माझ्या मुलाला याचं फार कौतुक वाटलं.

"बघा बाबा, याला म्हणतात सचोटी!"

मी म्हटलं, "जेवायला काय होतं?"

मुलानं माझ्याकडे, माणूस पन्नाशीला आला की असंच बोलू लागतो, अशा नजरेनं पाहिलं. पण माझा प्रश्न अगदी रास्त होता. विकलेला माल परत बोलावण्याचा हा उद्योग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. नुसता पाहिलेला नाही, त्याच्यासाठी पोटाला तडस लागेपर्यंत जेवलेलो आहे. आणि तो उद्योग कारखान्यानं नव्हे, चिखलीच्या एका दुकानदारानं केला होता. ते दुकानदार म्हणजे माझे सासरे.

मी त्यांना मामाजी म्हणायचो, गाव लक्षुमनभाऊ म्हणायचं. मूळचे देऊळघाटचे शेतकरी. शेती भावाकडे सोपवून त्यांनी चिखलीच्या मोटारस्टँडजवळ मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं होतं. अंगानं एवढे रुंद की दुकानाच्या दारात उभे राहिले की लांबून दुकान बंद आहे असं वाटायचं. मग गिऱ्हाईक परत जाऊ लागलं की आतून आवाज यायचा, "अरे या ना! उघडंच आहे, मी उभा हाओ फक्त!"

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी नाशिककडचा, चिखलीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, आणि तिथल्याच एका ओळखीच्या माणसानं मला मुलगी बघायला मामाजींच्या घरी नेलं. मी पगाराचा, शेतीचा, कुळाचा असा सगळा अभ्यास करून गेलो होतो. मामाजींनी बराच वेळ मला न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला.

"तुमाले गाडी लागते का?"

"नाही," मी जरा छाती काढून म्हणालो. छाती काढण्याजोगं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

मामाजी आतल्या दाराकडे वळून म्हणाले, "आइकलं का, जमलं म्हना. घरात एक तरी मरद पाह्यजे."

या प्रश्नाचा उलगडा मला लग्नानंतर झाला. मोटारींचं सामान विकणाऱ्या या माणसाला मोटार लागायची. साधीसुधी नव्हे. यष्टी सुरू झाली की पहिल्या वळणाआधी ते खिडकीबाहेर असायचे. उभ्या जीपमध्ये बसून कुणाशी बोलायची वेळ आली तरी चेहरा फिका पडायचा. त्यामुळे त्यांचा सगळा प्रवास दमणीतून चाले. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी, वरून टप असलेली बैलगाडी. दुकानासमोर पाचसहा जीपा आणि एखादा ट्रक उभा असायचा आणि त्यांच्या मधोमध मालकांची दमणी. बैल शांतपणे रवंथ करत ट्रककडे बघायचे. एखादं चहाटळ गिऱ्हाईक हटकून विचारायचं, "भाऊ, हिच्यात कोनता पार्ट बसते?"

"हिच्यात कडबा बसते," मामाजी म्हणायचे. "आन घाटात बंद नाई पडत. विषय खतम."

'विषय खतम' हे त्यांचं आवडतं बोलणं. आमच्या घरात कुणी नवखा पाहुणा असला तर तो ते ऐकून उठायची तयारी करी. आम्ही मात्र मांडी सावरून बसायचो, कारण मामाजींनी विषय खतम केला की खरा विषय तिथून सुरू व्हायचा.

मोटारींमधलं त्यांना कळायचं किती, हा प्रश्न नाजूक आहे. त्यांच्या मते सगळंच कळायचं. बिघडलेली गाडी दारात आली की ते डोळे मिटून बॉनेटवर हात ठेवत, वैद्यानं नाडी पाहावी तसे थोडा वेळ थांबत आणि निकाल देत, "गिअरबॉक्स." शेजारीच गफूर मिस्त्रीचं गॅरेज होतं. गफूर मान डोलवून म्हणायचा, "बराबर, भाऊ." मग गाडी आपल्याकडे नेऊन चाकाच्या टोपणात अडकलेला खडा काढायचा. गाडी परत आली की मामाजी गिऱ्हाइकाला म्हणायचे, "पाह्यलं? सांगतलं होतं ना!" गफूर यावर कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. दोघांची दोस्ती त्या न बोलण्यावर उभी होती.

जावई म्हणून माझा मान किती ठेवावा याला त्यांच्याकडे मर्यादा नव्हती. मी दुकानात गेलो की गल्ल्याशेजारची खुर्ची मला. हात लावायची परवानगी कशालाच नाही. एकदा गर्दी फार होती म्हणून मी एक डबा उचलून द्यायला गेलो तर ते भर दुकानात ओरडले, "जवाईबापू, ठेवा तो! हात खराब होतीन!" सगळं दुकान माझ्या हातांकडे बघू लागलं. तेव्हापासून मी तिथं नुसता बसायचो, हार घातलेल्या फोटोसारखा.

तर एका वर्षी कापसाच्या हंगामाच्या तोंडावर मुंबईहून एका मोठ्या व्यापाऱ्याकडून मामाजींनी 'क्रॉस'ची एक पेटी मागवली. मला मोटारींतलं कळत नाही, पण हे एवढं मला गफूरनं चहाच्या कपावर दोन चमचे आडवे-उभे ठेवून शिकवलं आहे. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत गाडीच्या पोटाखालून एक लोखंडी दांडा फिरत जातो, तो शाफ्ट. त्याच्या टोकाशी सांध्यात, बेरजेच्या चिन्हासारखा लोखंडाचा एक तुकडा बसतो, तो क्रॉस. दिसायला तळहाताएवढा, पण सगळी गाडी त्याच्या भरवशावर चालते. पेटी बघता बघता संपली. आसपासच्या गावांतल्या जीपवाल्यांनी एकेक करून क्रॉस नेले, आणि मामाजींनी नेहमीच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाला चहा पाजून घरची सगळी विचारपूस करून मगच माल दिला.

मग एके दिवशी देऊळघाटची एक जीप दोराला बांधून, बैल जुंपून दुकानासमोर आली. चिखलीच्या बाहेर सपाट रस्त्यावर शाफ्ट निसटून खाली पडला होता आणि रस्त्यावर खडखडत घासत आला होता. कुणाला काही झालं नव्हतं. बसलेली माणसं उतरून, हसत, बैलांच्या मागं चालत आली होती. गफूर खाली शिरला आणि तुटलेला क्रॉस हातात घेऊन बाहेर आला.

"भाऊ, हे पाहा. आतून लोखंड कसं दिसते? कच्च्या विटेवानी."

"माहा आहे का?"

"तुमच्याच पेटीतला."

मामाजींनी तो तुकडा हातात घेतला. डोळे मिटले नाहीत. निकालही दिला नाही.

"मागचं टोक पडलं म्हनून बचावले," गफूर म्हणाला. "पुढचं पडलं असतं आन जमिनीत रुतलं असतं, तं गाडी काठीवर उडी मारल्यावानी उलटी झाली असती. हेच जर राजूरच्या घाटात…"

"बस," मामाजी म्हणाले.

त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं. मामाजींनी मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावला. पोस्टात बराच वेळ ताटकळल्यावर लागला. तिकडून उत्तर आलं की माल तपासून घ्यायला हवा होता, आता विकला ना, मग झालं. मामाजींनी फोन ठेवला. मला वाटलं आता 'विषय खतम' येणार. ते आलं नाही. ते म्हणाले, "जवाईबापू, मी समजत होतो मी लोखंड विकतो. त्याच्यावर मानसं बसतात हे ध्यानातच नाई आलं. एकेका जीपात किती कोंबतात हे लोक! लेकरं बॉनेटवर बसवतात. सारे क्रॉस वापस आले पाह्यजेत. सारे म्हनजे सारे."

गफूर म्हणाला, "साऱ्या पेटीत खोट नसंल, भाऊ. एखाद-दुसरा असते."

"कोनत्यात आहे ते बाहेरून दिसते का?"

"नाई."

"मंग?"

कुणी काय नेलं हे मामाजींना तोंडपाठ होतं, कारण प्रत्येकाच्या घरची चौकशी त्यांनी केली होती. प्रश्न होता बोलावायचं कसं. 'क्रॉस खराब आहे' असा उघड निरोप धाडला तर लोक घाबरतील, नाही नाही ते बोलतील. म्हणून मामाजींनी आपल्या मते फार चतुराईचा निरोप तयार केला आणि यष्टीच्या कंडक्टरांच्या तोंडी सगळीकडे पाठवला: 'लक्षुमनभाऊनं घरी बोलावलं आहे. काम नाजूक आहे. चारचौघांत सांगन्यासारखं नाई. मोठ्या मानसाले घेऊन या.'

मोठ्या माणसाला अशासाठी, की जीप पोरं चालवायची आणि मालक बाप असायचे. पण मामाजी एक गोष्ट विसरले. त्यांची धाकटी मुलगी, माझी मेहुणी विमल, लग्नाची होती आणि हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं.

पुढच्या रविवारी सकाळपासून घरासमोर माणसं उतरू लागली. धुतलेली धोतरं, नवे फेटे, जरीच्या टोप्या. कुणी मुलगा आणला होता. ज्यांना मुलगा नव्हता त्यांनी पुतण्या आणला होता. पिंपळगाव राजाच्या एका म्हाताऱ्यानं तर पत्रिकाच काढून मांडीवर ठेवली. बरेचसे यष्टीनं आले होते, म्हणजे ज्या गाडीसाठी हा सगळा खटाटोप ती घरीच. दोघे मात्र जीप घेऊन आले. ते ओसरीवर टेकतात न टेकतात तोच गफूर त्यांच्या गाडीखाली घुसला. त्यातले एक गृहस्थ उठून उभे राहिले.

"पोरगी दाखवाच्या आधी आमची गाडी काऊन उघडून राह्यले बे?"

मामाजी घामाघूम. ते आत येऊन मामीजींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "हे लोक विमलले पाहाले आले वाटते!"

मामीजी शांतपणे म्हणाल्या, "मले समजलं ते. मी तिले साडी नेसवली. आलेच आहेत तं दिसू द्या पोरगी."

विमल पोह्यांचं ताट घेऊन दारात थबकली. "बाबा, हे मले पाहून राह्यले का क्रॉसले?"

"तुहा काई संबंध नाई याच्यात!"

"मंग साडी काऊन नेसवली मले?"

मामाजींनी शेवटी ओसरीवर उभं राहून खरं काय ते सांगितलं. आधी कुणाला पटेना. मग हशा झाला. पोहे तर खाल्लेच होते, लोक टोप्या सावरत निघाले. "गाडी चांगली चालून राह्यली, भाऊ. हंगाम झाला की पाहू." एकच माणूस हसला नाही. दुसरबीडचे नारायणराव पाटील. मोठी शेती, मोठा वाडा आणि त्याहून मोठा राग. ते थोरल्या मुलाला घेऊन, चाळीसेक मैलांवरून, गाडी शेतावर गेली म्हणून यष्टीनं आले होते. त्यांनी चहाचा कप न पिता खाली ठेवला.

"आमाला पोरगी दाखवायला बोलावलं आन लोखंड दाखवता? माझी जीप तुमच्या दारात कधीच येणार नाही. चल रे."

मामाजी त्यांच्या मागं स्टँडपर्यंत गेले. पाटलांनी वळून पाहिलं नाही.

पुढं दोन दिवस मामाजी दुकानात उभे राहिलेच नाहीत, बसूनच होते. लांबून दुकान उघडं दिसू लागलं आणि लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर समोर कुंकवात रंगवलेल्या तांदळाचं ताट.

"अक्षत," ते म्हणाले. "रोडगे करतो मारुतीजवळ. निमंत्रन देतो. मानसाले नाई. गाडीले."

त्या भागात जेवायचं बोलावणं म्हणजे अक्षत दिली की झालं. ज्याच्या हातावर ती पडली त्याला नाही म्हणता येत नाही. मामाजी दमणीतून गावोगाव हिंडले आणि प्रत्येक जीपच्या बॉनेटवर अक्षता वाहिल्या. मालक बघत राही. मामाजी हात जोडून सांगत, "जेवन गाडीचं आहे. ती एकटी येत नसते म्हनून तुमी या. तिच्याशिवाय आले तं पान नाई वाढनार." एकेक जण येतो म्हणाला. दुसरबीडला मात्र पाटलांनी फाटकच उघडलं नाही. मामाजींनी अक्षता फाटकाच्या कडीवर ठेवल्या आणि परत आले.

रोडग्यांचा दिवस उजाडला. मारुतीच्या देवळामागं शेणाच्या गोवऱ्यांचा लांबलचक जाळ, त्यात भाजणारे कणकेचे गोळे, कढईत वांग्याची भाजी आणि वरण, डब्यात तूप. आणि गाड्या आल्या! भरून आल्या, शेजारीपाजारी, पाव्हणेरावळे, लेकरं बॉनेटवर घेऊन आल्या. मामाजींना ते पाहून आनंद झाला आणि धडकीही भरली. गफूर आपल्या दोन भावांना आणि मामाजींनी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून मागवलेली नवी पेटी घेऊन आधीच लिंबाखाली तयार होता.

पण लोक घाईत होते. जेवलं की निघायचं होतं. आणि एकेका गाडीखाली शाफ्ट सोडवून, क्रॉस बदलून, परत बसवायला वेळ लागतो. तेव्हा मामाजींनी मला बाजूला घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ते मला काम सांगत होते. मी बाह्या सरसावल्या.

"जवाईबापू, तुमी जेवा."

"म्हणजे?"

"पंगतीत पयल्या पानावर तुमी बसा. जवाई जेवत असला की पंगत उठत नाई. तुमी जेवत राहा. गफूर चाकावर पाना वाजवीन, तवा हात धुवा."

तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? रोडगा हा पदार्थ ज्यांनी खाल्ला नाही त्यांनाच असं वाटेल. बाहेरून करपलेला, आतून घट्ट, तुपात बुडवलेला तो गोळा एक खाल्ला तर माणूस झोपतो. पहिल्या पंगतीत मी अडीच खाल्ले. सगळी पंगत बोटं चाटून माझ्याकडे पाहत होती. मी एकेक घास बत्तीस वेळा चावत होतो. तिकडून पाना वाजेना.

"जवाई सावकाश जेवतात," शेजारचे म्हणाले.

"मास्तर आहेत," दुसऱ्यानं खुलासा केला.

टण्! पाना वाजला. पंगत उठली. मी उठू लागलो तर मामाजींनी खांद्यावर हात ठेवला. "दुसरी पंगत बसून राह्यली, जवाईबापू."

किती पंगती झाल्या ते मी सांगत नाही, कारण कुणाचा विश्वास बसणार नाही. तिसऱ्या पंगतीला मी वांग्याच्या फोडी पानात इकडून तिकडे नुसत्या हलवत होतो. एका आजोबांना शंका आली. "जवाईबापू, तुमी मघाशी जेवत होते ना?"

मामाजी वाढता वाढता म्हणाले, "त्यायले जेवन लय आवडते आमच्या इकडलं. नाशिकले भेटत नाई."

संध्याकाळपर्यंत आलेली प्रत्येक गाडी नवा क्रॉस घेऊन गेली. काढलेल्यांपैकी दोन गफूरनं मामाजींना दाखवले. त्यांत केसाएवढी भेग होती. त्यातला एक त्या जीपचा होता, जिच्या बॉनेटवर चार लेकरं बसून आली होती. मामाजींनी त्या लेकरांना बोलावून प्रत्येकाच्या हातावर आणखी एकेक रोडगा ठेवला. बाकीचे क्रॉस वरून तरी धड दिसत होते. मी घरी नेण्यात आलो. 'नेण्यात आलो' हेच बरोबर, कारण मला चालता येत नव्हतं.

उरली फक्त दुसरबीडची जीप.

मामाजींनी निरोप पाठवले, माणसं पाठवली. पाटलांचं एकच उत्तर, 'लोखंडवाल्याला सांगा, आमचं बरं चाललंय.' त्यांच्या मुलाचं लग्न मोताळ्याकडं जमलं होतं. आणि एका दुपारी दुकानासमोर यष्टी थांबवून कंडक्टर ओरडून सांगून गेला, "भाऊ, पाटलाचं वऱ्हाड उद्या सकाळी निघते! नवरदेव त्याच जीपात! राजूरचा घाट उतरून!"

मामाजींनी घड्याळाकडे पाहिलं. मग दमणीकडे. बैल रवंथ करत होते. दमणीनं दुसरबीडला पोचेपर्यंत वऱ्हाड घाट उतरून लग्नही लागलं असतं.

"सिंदखेडकडे जानारी यष्टी कवा आहे?" त्यांनी विचारलं.

गफूर गॅरेजातून बाहेर आला. "भाऊ, मी जातो ना. तुमी काऊन…"

"तुह्यासाठी फाटक उघडीन का तो? क्रॉस घे. हत्यारं घे. जवाईबापू, तुमीबी चला."

मामीजींनी लिंबं दिली, ओवा दिला, चिंच दिली, पोटावर बांधायला पंचा दिला. मामाजी यष्टीत चढले तेव्हा निम्मी बाजारपेठ निरोप द्यायला उभी होती. त्या प्रवासाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की देऊळगाव मही येईपर्यंत लिंबं संपली होती आणि त्यानंतर मामाजींनी बोलणं बंद केलं. एकदाच त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, "भाऊ, हळू… नाई, जोरात… नाई, हळू." ड्रायव्हर भला माणूस होता. त्यानं तिन्ही केलं.

दुसरबीडला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. पाटलांच्या दारात मांडव, आंब्याची पानं, हळदीचा वास. मांडवाशेजारी केळीचे खुंट बांधलेली जीप उभी. मामाजी पंचा तोंडाला लावून, लाल डोळ्यांनी, माझ्या आणि गफूरच्या खांद्यावर हात टाकून चालत आले. मांडवातल्या एकानं टोपी काढून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

पाटील पुढं आले. लग्नघर होतं, दारी आलेल्या माणसाला हाकलणं शोभलं नसतं. त्यांनी पाण्याचा तांब्या आणायला सांगितला. मामाजींनी पाण्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि जोरात मान हलवली. सरबत आलं. मान हलवली. चहा आला. चहाच्या वासानं तर त्यांनी तोंडच फिरवलं.

पाटलांचा चेहरा तांबडा झाला.

"माझ्या दारात पाणी नाकारता? कामून? काय बिघडलंय तुमचं?"

मामाजी बोलू शकत नव्हते. त्यांनी फक्त जीपकडे बोट केलं.

मी सांगणार होतो की पाटीलसाहेब, त्यांना गाडी लागली आहे, दुसरं काही नाही. तोंडही उघडलं होतं. गफूरनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तोंड आपोआप मिटलं. तो ओठ न हलवता पुटपुटला, "जवाईबापू, चूप बैठो."

आतून पाटलांची म्हातारी आई काठी टेकत आली. तिनं मामाजींकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"नारायण, हा माणूस पाणी का घेत न्हाई?"

"ते जीपचं काहीतरी खूळ हाय, माय. लोखंड बदला म्हणतो."

"मंग बदल की."

"आगं माय, पण त्यानं आमचा…"

"लगीनघरात माणूस तहानलेला बसवणार हाय का तू? पोराला हळद लागलीय. त्याचं काय काम असंल ते आधी कर. मंग तुझा राग कर."

पाटलांनी खिशातून किल्ली काढून गफूरपुढं फेकली. गफूर केळीचे खुंट बाजूला करून खाली शिरला. हळद लागलेला नवरदेव पिवळ्या अंगानं मांडवाच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याच्यामागं सगळं वऱ्हाड. मामाजी खाटेवर बसून त्या जीपखालच्या दोन पायांकडे बघत होते. शेवटी गफूर बाहेर आला, क्रॉस पुसला, उन्हाकडे धरून फिरवला, आणखी एकदा फिरवला.

"भाऊ," तो खजील होऊन म्हणाला, "हा तं एकदम पक्का आहे. काईच खोट नाई."

पाटील असे हसले की मांडवाची पानं हलली. "ह्याच्यासाठी? ह्याच्यासाठी मरत आलात व्हय? चांगला निघाला!"

मामाजींनी पंचा खाली घेतला. यष्टीतून उतरल्यावर ते पहिल्यांदाच बोलले. "चांगला निघाला?"

"एकदम चांगला."

"पानी आना," मामाजी म्हणाले.

ते तांब्या वर धरून, घटाघटा, संपेपर्यंत पाणी प्याले. दुसराही प्याले. बायका आत जाऊन बोलू लागल्या, म्हातारीनं काठी भिंतीला टेकवली. गफूरनं नवा क्रॉस बसवला तो बसवलाच. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड राजूरचा घाट उतरून सुखरूप पोचलं. तसं ते जुन्या क्रॉसवरही पोचलं असतं. हे मी पुढं कितीदा तरी बोलून दाखवलं, आणि प्रत्येक वेळी घरात मला जेवायला उशिरा मिळालं.

पण त्या संध्याकाळी काम झाल्यावर पाटलांनी काढलेला क्रॉस हातात घेतला आणि म्हणाले, "हा राहू द्या. चांगला हाय म्हणता, तर माझ्या मेव्हण्याच्या जीपला व्हईल."

"नाई," मामाजी म्हणाले.

"अहो, पण खोट न्हाई ना!"

"गफूरले दिसली नाई. पेटी तीच आहे. त्या पेटीतलं काई कोन्याच गाडीत जानार नाई. घन आहे का?"

मांडवाच्या खुंट्या ठोकायला घण आणलेला होताच. मामाजींनी क्रॉस अंगणातल्या फरशीवर ठेवला, धोतर खोचलं, टोपी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी घण उचलून घातला. क्रॉस टण्णकन उडाला आणि जसाच्या तसा खाली पडला. पोरं ओरडली. मामाजींनी दुसरा घाव घातला. फरशीला तडा गेला, क्रॉसला नाही. तिसरा घाव पाटलांनी घातला. आता तेही बाह्या वर सारून उभे होते. काही नाही. नवरदेव हसत होता, म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. मामाजी वाकले, क्रॉस उचलून त्यांनी सगळ्या वऱ्हाडाला फिरवून दाखवला. घामानं निथळलेला तो रुंद चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

"पाहा! पाहून घ्या!" ते ओरडले. "असा माल ठेवतो मी दुकानात!"

आणि तो परत फरशीवर ठेवून त्यांनी घण पुन्हा डोक्यावर उचलला.